हे आपली गाडी नाई

कंडक्टर देवाजी प्रवाशांशी नीट बोलायच्या प्रशिक्षणाहून परतला तेव्हा मी त्याला तोंडावरच म्हणालो, "भाषणं ऐकून सभाव बदलते का बे?" मी ड्रायव्हर. कुरखेड्याच्या गाडीवर आम्ही दोघं वर्षानुवर्षं जोडीनं प्रवाशांवर खेकसत आलो होतो. तो दारातून, मी खिडकीतून.

तो म्हणाला, "भाषण नाई भाऊ. मास्तरानं मलेच डोक्यावर टोपलं देऊन गाडीत चढाले लावलं. अन् मागून माह्यावानीच ओरडला. असा राग आला ना!"

मी हसलो आणि गाडी काढली.

पुढच्या थांब्यावर गिरजाबाई मोहफुलांचं टोपलं घेऊन उभी होती. दर बाजाराला ती याच गाडीनं यायची आणि "ये बुढे, चढ लवकर!" ऐकूनच चढायची. आज देवाजी खाली उतरला, टोपल्याला हात लावला. "या बाई, सावकाश चढा."

गिरजाबाई पायरीवर थबकली. टोपलं हिसकून घेत खाली उतरली. "हे आपली गाडी नाई," म्हणाली आणि चालायला लागली!

देवाजीचं तोंड एवढंसं झालं. मला राहवेना. खिडकीतून अर्धा बाहेर येऊन मी ओरडलो, "अवो माय, हेच गाडी! या, बसा! तुमच्याबिगर गाडी हालत नाई!"

गाडीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले. प्रशिक्षणाला मी तर गेलोही नव्हतो.

गिरजाबाईनं वळून मला नीट न्याहाळलं.

"आता तं पक्कंच समजलं," ती म्हणाली. "हे आपली गाडी नाईच."