बॉयलरची दृष्ट

कन्हानच्या भैयाजींच्या गिरणीतला बॉयलर रडायचा थांबला आणि आनंदरावांची झोप उडाली. बाकी साऱ्या गिरणीला मात्र त्याच दिवसापासून स्वस्थ झोप लागू लागली होती.

गिरणी उसन्या तांदळाची. धान वाफेवर उकडायचं, वाळवायचं, मग भरडायचं. वाफ बॉयलरची आणि बॉयलर आनंदरावांचा. म्हणजे मालकीचा भैयाजींचाच. पण सरकारी परीक्षा देऊन बॉयलर चालवायचं सर्टिफिकेट मिळवलेला माणूस गिरणीत एकटा तोच, आणि असा माणूस हजर असल्याशिवाय भट्टी पेटवायची नाही असा कायदा. ते सर्टिफिकेट काचेच्या चौकटीत, लक्ष्मीच्या फोटोशेजारी टांगलेलं असे. दिवाळीत लक्ष्मीच्या हारातून उरलेली दोन झेंडूची फुलं त्यालाही मिळत. त्याच्याखाली बसणाऱ्या आनंदरावांना कधी काही मिळाल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

बॉयलरच्या पाठीवर जुन्या पद्धतीचा सेफ्टी व्हॉल्व्ह होता. एक आडवी लोखंडी दांडी आणि तिच्या टोकाला ठरावीक वजन. आत वाफ जास्त झाली की ती दांडी उचलून किंचाळत बाहेर पडायची, आणि बाहेर पडायची म्हणूनच बॉयलर फुटायचा नाही. पण भैयाजींच्या आई जिजाबाई यांना ती किंचाळी सोसेना. सुनेच्या माहेरची मंडळी गिरणी पाहून गेली आणि त्याच संध्याकाळी बॉयलर एकसारखा किंचाळत सुटला, तेव्हा जिजाबाईंनी निदान केलं की नजर लागली. त्यांनी कामठीच्या टांगेवाल्याकडून काळ्या घोड्याचा नाल मागवला, काळ्या दोऱ्यात ओवला आणि बॉयलर जिथून रडत होता तिथेच, म्हणजे नेमका त्या दांडीच्या टोकाला बांधायला लावला. दुसऱ्या दिवशी बॉयलर रडला, पण कमी. मग आणखी एक नाल बांधला. मग आणखी. पाचव्या नालानंतर बॉयलर गप्पच झाला.

याहून मोठा पुरावा कुठल्या शास्त्राला देता आला असता?

आनंदरावांनी भैयाजींना सांगून पाहिलं. आवाज गेला म्हणजे दुखणं गेलं असं नाही, आपण नुसतं तोंड दाबून धरलंय. भैयाजी दोन वर्षं सायन्स कॉलेजात जाऊन आले होते, त्यांना सगळं कळत होतं. पण वाफ फुकट जायची थांबल्यापासून कोळसा कमी लागत होता, आणि आईच्या श्रद्धेबद्दल त्यांना अलीकडे फार आदर वाटू लागला होता. आनंदराव संध्याकाळी नाल सोडून ठेवत. सकाळी ते पुन्हा जागेवर असत, वर ताजं कुंकू.

शेवटी ते थेट जिजाबाईंकडेच गेले.

"माय, ते नाल तिथून काढा. दाराले बांधा, खांबाले बांधा, पाहिजे तर माह्या गळ्यात बांधा."

"तुले काहून खुपून राहिलं गा आनंदा?" जिजाबाई म्हणाल्या. "तो रडून राहिला होता तव्हा तुह्या सर्टिफिकेटानं काय केलं? मी चूप केला त्याले."

तेव्हापासून व्हॉल्व्हचं काम आनंदराव डोळ्यांनी करू लागले. प्रेशरचा काटा लाल रेघेकडे निघाला की भट्टीचं दार उघडायचं, कोळसा मागे ओढायचा, वारा तोडायचा. लघवीला जायचं तरी काट्याला विचारून. घरी आले तरी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा वर चढताना दिसला की ते ताटावरून उठू लागत. त्यांची बायको शामला म्हणे, नजर तुमचीच उतरवावी लागते वाटते.

वर्षातून एकदा नागपूरहून बॉयलर इन्स्पेक्टर येत. त्या दिवसाची रीत ठरलेली होती. सकाळी नाल ताटात उतरवायचे, हळद वाहून देवघरात ठेवायचे. साहेब वाफ चढवून बघत, दांडी वेळेवर उचले, बॉयलर खणखणीत बोंब ठोके, साहेब सही करून पाटवडीच्या रश्श्यावर बसत. त्यांची पाठ वळली की नाल पुन्हा वर. त्र्याहत्तर साली ते आनंदरावांनीच उतरवले होते आणि साहेब गेल्यावर, बघत राहून, बांधू दिले होते.

चौऱ्याहत्तर सालीही आदल्या संध्याकाळी भैयाजींनी हळूच सांगितलं, "आनंदराव, उद्या तेवढे उतरवून ठेवजा. मग लगेच बांधून टाकू."

आनंदराव हो म्हणाले. सकाळी त्यांनी शिडी बॉयलरला टेकवली, वर पाहिलं, आणि शिडी पुन्हा भिंतीशी नेऊन ठेवली. पुढे याला कुणी धैर्य म्हणालं. तसं काही नव्हतं. त्यांना वर चढायचा कंटाळा आला होता.

इन्स्पेक्टर मनोहरराव रिटायर व्हायला आलेले, गुडघे गेलेले गृहस्थ. ते खुर्ची घेऊन काट्यासमोर बसले. शेजारी उभे राहून भैयाजी जेवणात काय काय आहे ते सांगत होते. काटा लाल रेघेला टेकला. बॉयलर गप्प. काटा रेघ ओलांडून गेला. भैयाजी पुरणपोळीपाशी अडखळले.

"हा वाजत का नाही?" मनोहररावांनी विचारलं.

"त्याची नजर उतरवली आहे साहेब," आनंदराव म्हणाले.

मनोहररावांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "आग ओढा." आनंदरावांच्या हातात लोखंडी आकडा आधीपासूनच होता. लाल निखारे धडाधड बाहेर आले. अंगणात धान पसरणाऱ्या बाया तोंडावर पदर घेऊन रस्त्यापर्यंत पळाल्या. काटा खूप वेळ विचार करत राहिला, मग खाली यायला लागला.

मनोहरराव गुडघे धरून शिडी चढले, उतरले आणि धानाच्या पोत्यावर बसले. हे कुणी बांधलं, असं त्यांनी विचारलं. भैयाजींनी आनंदरावांकडे पाहिलं. पण लपवण्यासारखं काही असेल हे जिजाबाईंच्या गावीही नव्हतं.

"म्या," त्या दारातून अभिमानानं म्हणाल्या.

"आजी, तुमच्याकडे सर्टिफिकेट आहे?"

"कायचं गा?"

"मग तुमचं मी काही करू शकत नाही," मनोहरराव म्हणाले.

कायद्याचा हात पकडण्यासाठी खुंटी शोधतो, आणि खुंटीला टांगलेलं सर्टिफिकेट एकट्या आनंदरावांचंच होतं. बॉयलरला सील लागलं. दांडीचा व्हॉल्व्ह जाऊन कुलपाच्या पेटीतला, बाहेरून कुणाला काही टांगता येणार नाही असा नवा बसल्याशिवाय भट्टी पेटणार नाही. मालकावर खटला होईल, तारखा पडतील. सर्टिफिकेट मात्र आजच जप्त.

फाटकाशी रंभाबाईनं आनंदरावांना गाठलं. ती धान वाळवायची. आता नवा व्हॉल्व्ह येईपर्यंत आमचा रोज बुडला, शिडी चढायला तुझे पाय मोडले होते का, असं ती सर्वांसमोर म्हणाली. त्यावर उत्तर होतं, पण त्यानं तिच्या घरची चूल पेटेल असं नव्हतं. ते खाली मान घालून पुढे गेले.

जेवायला कुणालाच कुणी बोलावलं नाही. मनोहरराव आणि आनंदराव सोबतच बसच्या थांब्यावर आले. चौकट साहेबांच्या पिशवीत मावेना, म्हणून जप्त केलेलं सर्टिफिकेट आनंदरावांनीच काखेत धरलं होतं.

"नाल काढून ठेवले असते तर हे तुमच्याकडे राहिलं असतं," मनोहरराव म्हणाले.

"हे राहिलं असतं साहेब. मी राहिलो असतो का, ते सांगता येत नव्हतं."

मनोहररावांनी सुपारी पुढे केली. नोकरी गेल्यावर खाणार काय, असंही विचारलं. नागपूरला महाल भागात मेव्हण्याचं चिवड्याचं दुकान आहे, आनंदरावांनी सांगितलं. कढई मोठी आहे, पण तिच्यावर झाकण नसते.

"चौकशी सहा महिने तरी चालेल. तोवर कुठल्याही बॉयलरजवळ उभंसुद्धा राहायचं नाही. हुकूमच आहे तसा."

आनंदरावांनी ते वाक्य सुपारीबरोबर थोडा वेळ तोंडात घोळवलं.

"साहेब, तेवढं लेखी देता का? घरी विश्वास बसणार नाही."

मनोहररावांनी पिशवीतून कागद काढला. चौकट आडवी धरायला सांगितली, काचेवर कागद ठेवला आणि सावकाश लिहायला लागले. बस आली, थांबली, निघून गेली. दोघांपैकी कुणी मान वर केली नाही.