तारण ठेवलेली भट्टी

गुन्हा शाबीत होण्याआधीच माणसाला कोंडता आणि वर त्याच्या सुटकेला भाव लावता, कोणत्या तोंडाने? खिशात पैसा असलेला संध्याकाळी घरी जेवतो. नसलेला गजाआड बसतो. आरोप दोघांवर सारखाच. आणि याला न्याय म्हणता?

हे विचारतेय एक लोखंडी भट्टी. पूर्व टेक्ससच्या या गावात धुरावर मांस भाजायला माझा जन्म झाला. एमेट पर्डीने गॅसची जुनी टाकी मधोमध कापली, बिजागऱ्या बसवल्या, बाजूला जाळपेटी जोडली आणि मला दोन चाकांवर चढवलं. एमेट गेल्यावर त्याची बायको लवोनिया माझ्यावर पोट भरू लागली. दर शनिवारी काळ्या लोकांच्या चर्चच्या मागे ओकचं लाकूड पेटायचं. फासळ्यांसाठी लागणाऱ्या रांगेत फौजदारही असायचा आणि त्याने कधीकाळी पकडलेला माणूसही. मी दोघांना सारखंच वाढलं.

मग एका गुरुवारी लवोनियाच्या मुलाला, कॉर्डेलला, पकडून नेलं. कुण्या ठेकेदाराचा जनरेटर चोरल्याचा आरोप. जामीन पाच हजार डॉलर. सोमवारी लाकडाच्या गिरणीत हजर झाला नाही, तर त्याची नोकरी गेलीच म्हणायची.

जामिनाच्या वाटा किती? न्यायाधीशाच्या मनात आलं तर तो नुसत्या शब्दावर सोडतो, पण कुणाचा शब्द ते बघून. नाहीतर सगळी रक्कम कोर्टात भरा. खटला संपला की ती परत मिळते. तेवढी ऐपत नसेल, तर तुरुंगासमोर जामीनवाला दुकान थाटून बसलेलाच असतो. दहावा हिस्सा त्याला द्या, मग तुमची हमी तो घेतो.

लवोनियाने फार पूर्वी भावासाठी कोर्टात पैसे भरले होते आणि ते परत आले होते. जामिनाचे पैसे म्हणजे ठेव, एवढंच तिला ठाऊक. त्यामुळे मेब्री नावाच्या जामीनवाल्याकडे ती निर्धास्त गेली.

“पाचशे होतात, मावशी. तीनशे आत्ता, उरलेले हप्त्याने,” मेब्री म्हणाला. “आणि तारण म्हणून काय ठेवता?”

“माझ्याकडे भट्टीशिवाय आहे काय?”

“मग तीच आणा. खटला संपला की घेऊन जा.”

अशी मी त्याच्या दुकानामागच्या कुंपणात आले. माझ्या शेजारी एक मोटारबोट होती, एक शिलाई मशीन होतं. कुणाच्या तरी आयांनी, बायकांनी आणून सोडलेली आम्ही सगळी. कॉर्डेल सुटला, खरं. पण तिकडे लवोनियाचे शनिवार रिकामे गेले आणि हप्ते फेडायला ती लोकांचे कपडे धुऊ लागली.

जुलैत मेब्रीने तुरुंगाच्या शिपायांना मेजवानी दिली, तीही माझ्यावर. लाकडावर रॉकेल ओतून पेटवलं मला! मांसाला रॉकेलचा वास, तरी फुकटचं म्हणून सगळ्यांनी बोटं चाटली. मला शक्य असतं, तर मी झाकण त्याच्या हातावर आदळलं असतं.

शेवटी तो जनरेटर ठेकेदाराच्या मेव्हण्याच्या कोठारात सापडला. मेव्हण्यानेच तो नेला होता आणि सांगायला विसरला होता. सोमवारी कोर्टाने खटला काढून टाकला. मी सुटले, असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं. आज माझ्या झाकणावर विक्रीची पाटी लटकतेय. रस्त्यावरून जाताना भाव विचारू नका, एवढीच माझी विनवणी आहे. माझ्यावर भाजलेला घास तुम्हाला गोड लागता कामा नये.

काल लवोनिया आणि कॉर्डेल मला न्यायला आले होते.

“मेब्री, खटला संपला. माझे पाचशे दे आणि भट्टी दे,” लवोनिया म्हणाली.

“कसले पाचशे? ती माझी फी, मावशी. ताप उतरला म्हणून डॉक्टर पैसे परत करतो का?”

“ताप तुम्ही लोकांनीच आणला होता!” कॉर्डेल ओरडला.

लवोनियाने त्याला मागे सारलं. “बरं, खा ते पैसे. हप्ते सगळे फिटलेत. माझी भट्टी सोड.”

“ती जप्त झाली. याने दर सोमवारी फोन करून हजेरी द्यायची, असं ठरलं होतं. या सोमवारी फोन नाही.”

“सोमवारी मी कोर्टात होतो! दारातच फोन काढून घेतात तिथे. तुम्हीच दम दिला होता, कोर्ट चुकवलंस तर याद राख म्हणून!”

“कोर्ट चुकवायचं नाही आणि फोनही चुकवायचा नाही. मी दोन्ही सांगितलं होतं,” मेब्री शांतपणे म्हणाला.

“तुझा बाप माझ्याकडे वर्षानुवर्षं उधारीवर जेवला, मेब्री,” लवोनिया म्हणाली. “मी त्याची टोपीसुद्धा ठेवून घेतली नाही कधी.”



तिने माझा ओढायचा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि खेचला. चाकाला साखळी होती. तिने पुन्हा खेचला. कॉर्डेल तिला धरायला गेला, पण ती हलेना.

कुंपणाच्या दारात एक गोरी बाई केव्हाची उभी होती. गवत कापायचं यंत्र ढकलत आणलं होतं तिने, चाकांना अजून ओला चिखल होता. ती लवोनियाजवळ आली आणि खाली बघत म्हणाली, “ताई, तुमचं झालं असेल तर जरा सरकता का? माझा पोरगा आत आहे.”