मांडीवरची पेटी

पितांबरने पेटी दोन्ही हातांनी उचलली, सीटवर बसलेल्या कुंदाच्या मांडीवर ठेवली आणि तिचे हात धरून पेटीभोवती नीट लावून दिले. मग पट्टे तपासले. पेटी तापू नये म्हणून वर टाकलेला ओला पंचा सारखा केला.

"धुळं येईपर्यंत हात सोडायचा नाही," तो म्हणाला.

कुंदाने मान हलवली. पिंपळनेरच्या स्टँडवरून एस.टी. अजून हललीही नव्हती आणि तिच्या गुडघ्यांना आताच रग लागली होती.

पेटीत कॅमेरा होता, तिच्याच जुन्या लुगड्यात गुंडाळलेलं भिंग होतं, आणि पिंपळनेरच्या एका मोठ्या घरचं लग्न टिपलेल्या फोटोच्या काचा होत्या. कॅमेऱ्याची लाकडी तिपाई टपावर गेली होती. काचा टपावर जाऊ शकत नव्हत्या. चैत्राच्या उन्हात त्यांच्यावरचा मसाला वितळला असता. पायाशी ठेवाव्यात तर खड्ड्यांत फुटतात. पितांबरने कापसाची गादी करून पाहिली, दांडीला शिंकं टांगून पाहिलं, आणि शेवटी त्याला शोध लागला की धक्का झेलायला माणसाच्या मांडीसारखं दुसरं काही नाही. तेव्हापासून लग्नसराईत कुंदा त्याच्याबरोबर फिरू लागली. शेजारणी म्हणत, बाई, नशीब काढलंस, आमचे तर आम्हाला पांझरा नदीच्या पलीकडे नेत नाहीत. पितांबर कॅमेरा तळहातावरच्या फोडासारखा जपतो, हे धुळ्याच्या सगळ्या आग्रा रोडला ठाऊक होतं. तळहात कुणाचा, ते कुणी विचारलं नव्हतं.

कुंदाने पश्चिमेकडचा सगळा मुलूख असाच पाहिला होता, खिडकीतून, पेटीच्या वरून. साक्रीचा बाजार तिला दुकानादुकानाने ठाऊक होता, पण साक्रीच्या मातीला तिचा पाय लागला नव्हता. निघायच्या दिवशी ती सकाळपासून पाणी पीत नसे. प्यायलं तर उतरावं लागेल.

आणि वाटेत नेर होतं, तिचं माहेर. गाडी तिथे चहापुरती थांबे. भावजय भिकुबाई खिडकीशी येऊन शेंगा, कैऱ्या, जे असेल ते आत देई. पायांत बळ होतं तोवर मायही यायची. दोघी बोलायच्या त्या खिडकीच्या गजांमधून, आणि बोलणं निम्म्यावर आलं की कंडक्टर घंटी मारायचा.

या खेपेला जाताना भिकुबाई एकटीच आली होती. मायने अंथरूण धरलं होतं, अन्न तोंडात घेत नव्हती, सारखं कुंदाचं नाव घेत होती. पितांबर म्हणाला, आता लग्नाचा मुहूर्त गाठायचा आहे, येताना उतरू. आता येतानाचं कारणही तयार होतं. काचा आज रात्रीच धुवायला हव्यात, नाहीतर मोठ्या घरचं लग्न पाण्यात. परवा तुला स्वतः आणून सोडतो, असं त्याने गाडीत बसण्याआधी सांगितलं. तो खोटं बोलत नव्हता. परवा त्याने खरंच आणून सोडलं असतं. मायजवळ परवा आहे की नाही, एवढं मात्र त्याच्या मनात आलं नाही.

साक्री मागे पडली. खड्डा आला की कुंदा टाचा उचलायची, मांड्या वर घ्यायची, पेटी तरंगल्यासारखी राहायची. ते आता तिला विचार न करता जमे. मध्येच तिला रडू आलं, आणि डोळे पुसायला हात मोकळा नाही हे लक्षात आल्यावर आणखीच आलं. पितांबर शेजारीच होता. त्याचं लक्ष पेटीच्या पट्ट्यांकडे होतं.

नेरला गाडी थांबली. पंचा पुन्हा भिजवायला पितांबर रांजणाकडे उतरला. भिकुबाई खिडकीशी उभीच होती.

"माय आजून शे," ती हळूच म्हणाली. "दारकडे दखी राहिनी."

कुंदा उठली. पेटीसकट उठली. कंडक्टर लोटनला वाटलं, बाईंना पाय मोकळे करायचे असतील. त्याने दार उघडून धरलं. ती खाली उतरली आणि गावाच्या वाटेला लागली.

पितांबर ओला पंचा घेऊन धावत आला.

"कुठं निघालीस? पेटी दे इकडं."

"हात सोडायचा नाही म्हणालात ना," ती म्हणाली. थांबली नाही.

त्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. ओढाताण झाली असती तर काचा गेल्या असत्या. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी त्याची गत झाली. मागे हॉर्न वाजत होता. तिपाई धुळ्याच्या स्टँडवर उतरवून ठेव, असं त्याने लोटनला ओरडून सांगितलं आणि तो बायकोच्या मागे निघाला. पुढे दगड आहे, हळू चल, सावलीनं चल, असं सारखं सांगत होता. ओट्यांवरच्या बाया बघत होत्या. जावई कुंदाला किती जपतो, असंच त्यांना वाटलं.

घराच्या उंबऱ्यावर कुंदाने पेटी अलगद त्याच्या हातांत दिली आणि ती आत गेली.

मायने डोळे उघडले नाहीत.

"उनी का व, कुंदा?"

कुंदा खाटेवर बसली. तिने मायचं डोकं मांडीवर घेतलं. पेटीपेक्षा ते कितीतरी हलकं होतं. बोलायचं म्हणून मनात साठवलेलं काहीच तिला आठवेना. ती मायच्या केसांतून बोटं फिरवत राहिली.

पितांबर ओसरीवर बसला होता. भिकुबाईने दिलेला चहा त्याच्यासमोर निवला. ऊन कललं तेव्हा तो आत आला आणि धुळ्याची शेवटची गाडी यायची वेळ झाली, काचा थांबणार नाहीत, असं दबक्या आवाजात सांगू लागला. सांगता सांगता सवयीने तो खाटेशी आला आणि पेटी पुढे केली.

मांडीवर जागा नव्हती.

त्याने पेटी पुन्हा छातीशी घेतली.

"मग मी ही नेऊ कशी?" त्याने विचारलं. त्यात राग नव्हता. त्याला खरंच कळत नव्हतं.

"मांडीवर घेऊन," कुंदा म्हणाली.

तो गेला. मायला झोप लागली होती. कुंदाच्या पायांना मुंग्या येत होत्या, पण माय जागी होईल म्हणून तिने पाय हलवला नाही.