काळी दोनवरून खाली

भुंगा हे काही तिचं खरं नाव नव्हतं. पण दहा वर्षांची झाली तरी ती बोलत नव्हती, बसत नव्हती, मान धरत नव्हती. दिवसभर नुसती गुणगुणायची, तेही एकाच सुरात, म्हणून घरादाराची ती भुंगा झाली. तो सूर कोणता, हे मात्र सहा महिन्यांपूर्वीपर्यंत कुणाला ठाऊक नव्हतं. थोरलीने कीबोर्ड शिकायला घेतला, एके संध्याकाळी बहिणीशेजारी बसून एकेक पट्टी दाबून पाहिली आणि घर डोक्यावर घेतलं, की आई, ही काळी दोनमध्ये गाते.

तेव्हापासून थोरलीला शिंगंच फुटली. आई म्हणायची, नववीतल्या पोरीला एक गाणं वाजवता आलं की त्या घरात राहणं कठीण. भुंगाच्या शाळेतल्या संगीताच्या सरांनी तर तिला शनिवारी मदतीलाच बोलावलं. त्या वर्गात सगळी मुलं भुंगासारखीच. एक जण गालाने लाल बटण दाबून ढोलाचा ठेका सुरू करायचा, एकीच्या पायाला घंट्या बांधलेल्या असायच्या. भुंगा पोकळ लाकडी खोक्यावर पालथी निजायची. तिची गुणगुण लाकडातून, खोक्याला पाय टेकवून बसलेल्या बाकीच्यांच्या तळपायांत उतरायची. सरांचा नियम एकच: मुलं पुढे, आपण मागे. मूल जो सूर धरेल तो आपला.

पण थोरलीला आणखी एक गोष्ट कळली होती, ती तिने फक्त आईला सांगितली होती. आकडी यायच्या आधी भुंगाचा सूर एकेक पट्टी खाली उतरायचा. पांढरी दोन, मग काळी एक, मग पांढरी एक, मग एकदम गप्प. तीनदा असंच झालं होतं. तिसऱ्या वेळी नाकात औषधाचा फवारा मारायला उशीर झाला आणि भुंगा अकरा दिवस दवाखान्यात नळ्यांच्या जाळ्यात पडून राहिली. फवारा पाच मिनिटांच्या आत मिळालाच पाहिजे, डॉक्टरांनी बजावलं, दर वेळी नशीब साथ देत नाही. त्या दिवसापासून फवाऱ्याची निळी पिशवी तिच्या चाकाच्या खुर्चीला टांगलेली असायची.

सरांच्या वर्गाच्या कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी दात घासताना थोरलीने ऐकलं. पांढरी दोन. क्षणभरच, मग सूर जागेवर आला. ती ब्रश तोंडात धरून तशीच उभी राहिली. आईला सांगितलं तर आई भुंगाला घरी ठेवणार, भुंगा नाही तर कार्यक्रम नाही, आणि आपला नवा कोरा ड्रेस खुंटीवरच. झोपेतून उठल्यावर आवाज जडच असतो, तिने स्वतःची समजूत घातली आणि चूळ भरली. कामावर निघताना आईने विचारलंसुद्धा, की बाईसाहेबांचा सूर ठीक ना आज. थोरली म्हणाली, एकदम फक्कड.

सभागृह खच्चून भरलं होतं. मंच नेटका दिसावा म्हणून मोठ्या बाईंनी सगळ्या चाकाच्या खुर्च्या तळमजल्यावरच्या सामानाच्या खोलीत पाठवल्या होत्या. थोरलीला हे कळलं ते पडदा सरकल्यावर. तिने विंगेत पाहिलं. निळी पिशवी कुठेच नव्हती.

सुरुवात झकास झाली. भुंगा घुमू लागली, गालाखालचं बटण वाजलं, घंट्या हलल्या. मग सूर घसरला. पांढरी दोन. सरांचा चेहरा उजळला. भुंगाचा सूर आजवर वर्गात कधी जागचा हलला नव्हता. त्यांनी बोटाने खुणावलं, तिच्या मागे चल. थोरलीची बोटं पट्ट्यांवरून तिच्यामागे गेली. काळी एक. पहिल्या रांगेत कुणीतरी डोळे टिपत होतं, सर डोलत होते, आणि थोरली स्वतःच्या हातांनी बहिणीला एकेक पायरी खाली उतरवत होती. अजून एक पायरी आहे, ती मनात घोकत होती, कदाचित नाही उतरणार.

पांढरी एक.

थोरलीने हात उचलले. "सर, ही गात नाहीये. हिला आकडी येतेय."

सर हसू तसंच ठेवून, ओठ न हलवता पुटपुटले, "घाबरू नकोस. किती सुंदर चाललंय. वाजव."

गुणगुण थांबली. शांतता इतकी नेमकी पडली की लोकांना वाटलं, संपलं. टाळ्यांचा कडकडाट झाला.

त्या गोंगाटात थोरली विंगेत उभ्या शाळेच्या मावशींकडे बघून ओरडली, "मावशी, खालच्या खोलीतली निळी पिशवी आणा. पळा." गुडघे दुखतात म्हणून मावशी रोज त्या जिन्याच्या नावाने बोटं मोडायच्या, आज चपला सोडून धावल्या. इकडे भुंगा ताठ झाली आणि तिच्याखालचा खोका धडधडू लागला. सरांनी तिला कुशीवर वळवलं. टाळ्या एकेक करून विझल्या. थोरली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मोजत होती. दोन मिनिटं. तीन. खोलीला कुलूप असेल तर, हे तिला चौथ्या मिनिटाला सुचलं.

मावशी आल्या तेव्हा पाचवर वीस सेकंद झाले होते. सरांनी फवारा मारला. हळूहळू धडधड थांबली. श्वास चालू होता, बारीक, पण गुणगुण नव्हती. थोरलीने तळवा लाकडावर टेकवला. लाकूड गप्प होतं.

कामावरून थेट आलेली आई दारात उभी होती. ती ओरडली नाही. मंचावर चढली, भुंगाचं डोकं मांडीवर घेतलं आणि मग थोरलीकडे पाहिलं.

"सकाळी सूर कुठे होता?"

थोरलीने तळवा उचलला नाही. खालून अजून काहीच येत नव्हतं.

"पांढरी दोन," ती म्हणाली.