जाळीतला मोजा

जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. बाहेर कडाक्याची थंडी आहे, तुम्ही पांघरुणात गुरफटून पडला आहात, आणि तरीही कुठून तरी गार वारा येऊन पायाला झोंबतोय. कुठून ते दिसत नाही.

टिकलीच्या खोलीत रोज हेच व्हायचं. टिकली म्हणजे घरातलं शेंडेफळ. तिची खोली अगदी मागची.

"ही खोली तापवता तापवता हीटर थकला," बाबा म्हणाले. "ऊब टिकत नसेल, तर थंडी सरेपर्यंत बंद करू. तू दादाजवळ झोप."

दादा झोपेत लाथा झाडायचा. शिवाय टिकलीची सगळी चित्रं याच खोलीच्या भिंतीवर होती.

मग मामा आला. तो दारं-खिडक्या बसवायचं काम करायचा. त्याने दोऱ्याला एक पीस बांधलं आणि खिडकीच्या कडेकडेने फिरवलं. पीस थरथरलं की तिथे फट. कुठे त्याने लांबी, म्हणजे फटी बुजवायचा लगदा, भरली, कुठे रबरी पट्टी लावली. छताजवळ एक छोटी जाळी होती, तिच्यासमोरूनही पीस फिरलं, पण तिला मात्र त्याने हात लावला नाही.

"अरे मामा, तिथेही पीस हलतंय!"

"हलू दे. ती मुद्दाम ठेवलेली असते. तिच्या वाटेला जाऊ नकोस." तेवढ्यात त्याला कामावरून फोन आला आणि कारण सांगायचं राहूनच गेलं.

खोली सुधारली, पण पाय गारच. टिकलीने खुर्चीवर चढून जाळीत बाबांचा लोकरीचा मोजा कोंबला. त्याने थोडी ऊब वाढली. बाबा खूश झाले. फक्त मोज्याचा जोडीदार शोधत घरभर फिरू लागले.

काही दिवसांनी खिडकीच्या काचांवर आतून पाणी ओघळू लागलं. चित्रांच्या कोपऱ्यांवर काळे ठिपके उठले. सकाळी टिकलीचं डोकं जड असायचं.

बाबांनी भिंतीला हात लावला. "ओल धरलीय. आता ही खोली बंदच."

"चला, आजपासून माझ्या लाथा खा!" दादा म्हणाला.

मामाला पुन्हा बोलावलं. त्याने वर पाहिलं. "काय गं, जाळीला थंडी वाजत होती का?"

टिकलीने मान खाली घातली.

"काचेवर तोंडाने वाफ सोड बघू." काच धुरकट झाली. "झोपेतही तुझ्या श्वासातून अशी वाफ निघत असते. तिला वाट नको? दाराखालून घरातली उबदार हवा आत येते आणि कोंदट हवा त्या जाळीतून जाते. पीस हललं ते जाणाऱ्या हवेने."

"मग माझे पाय कशाने गारठतात?"

मामाने डोकं खाजवलं. "ती फट माझ्या नजरेतून सुटली असणार."

"आज सापडली तर ठीक," बाबा म्हणाले. "नाहीतर कुलूप."

टिकली खुर्चीवर चढली. मोजा ओढून काढला आणि बाबांच्या हातात ठेवला. मग पीस घेऊन सरपटत पलंगाखाली शिरली. तिथे कोपऱ्यात पाण्याचा पाइप भिंतीतून बाहेर जात होता. पीस पाइपजवळ नेताच ते दोऱ्यासकट आडवं झालं.

"मामा, लांबी आण!" ती आतूनच ओरडली, आणि तो येईपर्यंत भोकावर तळहात दाबून तशीच पडून राहिली.