निळ्या झाकणांचे पाणी

१४ मे २०१९, सकाळचे सहा वाजून दहा मिनिटे. स्वयंपाकघरातल्या नळाने दोनदा गुरगुर केली आणि तो गप्प झाला. त्या क्षणी घरात वीस लिटरचे अठरा कॅन काठोकाठ भरलेले होते: नऊ निळ्या झाकणांचे, नऊ लाल झाकणांचे.

हा आकडा सुनेला तोंडपाठ होता, कारण सासऱ्यांनी तो तिच्याकडून घोटून घेतला होता. ते एका कारखान्यात देखभाल विभागाचे पर्यवेक्षक होते. निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली तरी तो विभाग त्यांनी सोडला नव्हता. फक्त यंत्रांच्या जागी घरची माणसे आली होती. इमारतीत त्यांना पाठीमागे सगळे ‘मीटर’ म्हणत. निळे कॅन पिण्याचे, त्यांत क्लोरीनचे थेंब मोजून टाकलेले. लाल कॅन संडासाचे आणि फरशीचे. ते शेजारच्या बांधकामावरच्या बोअरमधून भरलेले, जिच्या अगदी लगत गटार वाहत होते. माणशी रोज चार लिटर, माणसे तीन, दिवस चौदा. गरज एकशे अडुसष्ट, साठा एकशे ऐंशी. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात नवरा तिला म्हणाला होता, “बाकी काही विसरलीस तरी चालेल, निळं-लाल विसरू नकोस. आई होती तोवर अप्पांनी तिला त्यावरून फार रडवलं.”

त्या सकाळी मात्र घरात माणसे चार होती. सुनेचे वडील दोनच दिवसांपूर्वी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी आले होते. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस; एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने नुसत्या सावल्या दिसत. त्यात जुना मधुमेह, त्यामुळे घसा सतत कोरडा.

नऊ वाजेपर्यंत बातमी आली. पूल खचला होता आणि त्याखालची मुख्य जलवाहिनी फुटली होती. आठ-दहा दिवस तरी लागणार होते. दुपारपर्यंत दुकानांतल्या बाटल्या संपल्या. टँकर येणार, येणार म्हणून गल्ली वाट पाहत राहिली आणि टँकर रुंद रस्त्यांवरच रिकामे होत राहिले.

सासरे कोठीच्या खोलीत गेले, दार आतून लावून घेतले आणि तीन झाकणबंद पातेली भरून बाहेर आले. संडासाच्या बादल्याही तेच भरून देत.

“अप्पा, चार लागतील,” सून म्हणाली.

“हिशोब तीन माणसांचा आहे, सूनबाई.”

“पण बाबा आहेत ना घरात.”

“पाहुणे आहेत. पाहुणा साठ्यात धरत नाहीत. तुझ्या वाट्यातून दे, मी कुठे नको म्हणतोय?”

“चार माणसं धरली तरी अकरा दिवस पुरतं. मी भागाकार करून बघितला.”

“आणि बाराव्या दिवशी पाणी येईल असं तुझ्या वडिलांनी लिहून दिलंय का?”

खाटेवरून शिंपी हसला. “व्याहीबुवा, कापायचं काम आमचं. तुम्ही तर पाणीसुद्धा मापात कापता की!”

“तुमचं बरं असतं. कापड चुकलं की ठिगळ लावता येतं,” सासरे म्हणाले. “प्यालेलं पाणी परत भांड्यात येत नाही.”

सून आपल्या पातेल्यातले अर्धे वडिलांना देऊ लागली. चारातले दोन लिटर, त्यातच दोघांचा भात आणि चहा. तिसऱ्या दिवशी उन्हाने भिंती तापल्या. वडील रिकामा पेला तोंडाला लावून त्याच्या कडेवरून जीभ फिरवत होते. बोलताना ओठ एकमेकांना चिकटत.

“पोरी, गोळी गिळली जात नाही गं. घशातच बसून राहते.”

तिने नवऱ्याला बाजूला घेतले. “अहो, तुम्ही सांगा ना अप्पांना. तुमचं ऐकतील.”

“माझं?” तो कसनुसा हसला. त्याने कोठीच्या दाराकडे पाहिले, मग तिच्याकडे. “माझ्यातलं अर्धा लिटर घे. पण त्यांना दिसू देऊ नकोस.”

“एवढा जीव पाण्यात, मग त्या दाराला कुलूप का नाही लावत?”

“नको विचारूस,” तो म्हणाला आणि कामावर निघून गेला.

दुपारी दोन वाजता सासरे झोपले. त्यांचे घोरणे एका लयीत लागल्यावर ती कोठीत शिरली. स्वतःच्या घरात चोरासारखे चवड्यांवर चालताना तिला स्वतःचीच लाज वाटली. भिंतीकडच्या रांगेतला एक निळ्या झाकणाचा कॅन तिने तिरका केला आणि तांब्या भरला. पाणी स्वच्छ होते. क्लोरीनचा तो नेहमीचा उग्र वास मात्र आला नाही. साठवून दिवस झाले, उडून गेला असेल, असे तिने मनाशी ठरवले आणि झाकण घट्ट फिरवले.

वडील तीन पेले न थांबता प्यायले. “गोड लागतंय. तुमच्या मीटरच्या औषधाची चवही नाही बघ. माझ्या लेकीचा हात लागला ना!”

तिने त्यांच्या हनुवटीवरचा ओघळ बोटाने टिपला आणि तेवढे बोट चाटले. नळ बंद झाल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. दुसऱ्या दिवशी तिने दोन तांबे काढले.

अठराच्या पहाटे वडिलांना उलट्या सुरू झाल्या, मग जुलाब. सात वाजेपर्यंत चादरी संपल्या. त्यांचे डोळे आत गेले होते आणि पोटऱ्यांत गोळे येऊन ते कण्हत होते. ती धावत बाहेरच्या खोलीत आली.

“अप्पा, पाणी द्या. मीठ-साखर घालून पाजते. बाबांचं पोट फार बिघडलंय.”

सासऱ्यांनी वर्तमानपत्राची नीट चौघडी घातली. त्यांना जराही आश्चर्य वाटले नव्हते.

“किती प्याले?”

“म्हणजे?”

“पोट माझं बिघडलं नाही. तुझ्या नवऱ्याचं नाही, तुझंही नाही. तुझ्या वडिलांचं बिघडलं. मग विचारायला नको का, किती प्याले?”

तिने कोठीच्या दाराकडे पाहिले.

“ते आले त्याच दिवशी मी झाकणं बदलली,” सासरे समजावून सांगावे तसे म्हणाले. “परका माणूस घरात आला की मी बदलतोच. पिण्याचं आता लाल झाकणाखाली आहे, संडासाचं निळ्याखाली. कारखान्यात स्पिरिट चोरीला जायचं तेव्हा हीच पद्धत होती. कुलूप लावलं की नुसती चोरी थांबते, सूनबाई. चोर कळत नाही.”

“अप्पा, ते गटाराचं पाणी आहे!”

“म्हणून तर कळतं.”

नवरा दारात उभा होता. ती त्याच्याकडे वळली. त्याच्या चेहऱ्यावर धक्का नव्हता. तो आपल्या चपलांकडे पाहत होता.

“तुम्हाला माहीत होतं?”

“मला वाटलं... मला वाटलं, तू घेणार नाहीस.”

सासऱ्यांनी तिचे त्या दिवसाचे चार लिटर तिच्यापुढे ठेवले. तेवढेच.

तिने आणि नवऱ्याने मिळून वडिलांना तीन जिने खाली आणले. रुग्णालयात खाटा भरलेल्या होत्या. सलाईन लागायला संध्याकाळ झाली. तोवर लघवी थांबली होती. दुसऱ्या दिवशी ते तिला ओळखेनासे झाले, चादरीची कड बोटांत धरून ते कुठल्याशा गिऱ्हाइकाला सांगत होते, “बाही थोडी आखूड होईल, चालेल ना?” नवरा दिवसभर तिच्याजवळ बसे आणि रात्री घरी जाई, अप्पांना एकटे ठेवता येत नाही, म्हणे.

वीस तारखेच्या संध्याकाळी वडील गेले. तरुण डॉक्टरीण बाई कागद भरताना म्हणाल्या, “नुसत्या जुलाबाने इतकं लवकर होत नाही. शरीर आधीच वाळलं होतं. घरी पाणी किती पीत होते?”

“लिटरभर,” सून म्हणाली. “तेवढंच द्यायचं ठरलं होतं.”

डॉक्टरीण बाईंनी मान वर करून तिच्याकडे पाहिले आणि मग कागदावर तो आकडा लिहिला.

बावीसला सकाळी ती वडिलांची पिशवी न्यायला घरी आली. स्वयंपाकघरात नळ वाहत होता. कोठीचे दार सताड उघडे होते आणि सासरे आत स्टुलावर बसून, लाल झाकणे काढलेल्या कॅनमध्ये खुणा केलेली पट्टी बुडवून पातळी मोजत होते.

“ये, सूनबाई. पाणी पहाटेच आलं,” ते म्हणाले. “झालं ते वाईट झालं. पण साठा कुठेही कमी पडला नाही, एवढं तरी मान्य करशील?”

तिने खाटेखालून पिशवी ओढली. चष्मा, मापाची पट्टी, घडी केलेला सदरा, न गिळलेल्या गोळ्यांची पाकिटे तिने आत भरली. खाट रिकामी करून ती दारापर्यंत गेली आणि तिथे थांबली.

“अप्पा, किती उरलं?”

हा प्रश्न इतक्या वर्षांत घरातल्या कोणी आपणहून विचारला नव्हता. सासऱ्यांचा चेहरा खुलला. घाईने चूक होऊ नये म्हणून त्यांनी शेवटच्या कॅनमध्ये पट्टी पुन्हा बुडवली, ओली खूण उजेडात धरून वाचली आणि मनातल्या मनात बेरीज केली.

“पिण्याचं,” ते म्हणाले, “शहाण्णव लिटर.”