मेणावरचं कुंकू

शांतीने चिंचेचा कोळ बाहुलीच्या गळ्याशी लावला आणि काथ्याच्या टोकाने पदराच्या चुण्यांतला काळेपणा उकरायला घेतला. मांडीवर बाळ झोपलं होतं. कोपर त्याच्या डोक्याला लागू नये म्हणून तिने हात उंचच धरला होता.

बाहुल्या पितळेच्या होत्या. एक हात वर, हातात दिवा. सिनेमाच्या बक्षिसांसाठी ओतलेल्या. कारखान्यातलं पॉलिशचं चाक चुण्यांत शिरत नाही, म्हणून तिथे कामाला असलेल्या रामदासने पोतं लालबागच्या या चाळीत आणून टाकलं होतं. जाताना म्हणाला होता, "नीट झालं वहिनी, तर पुढं समया, घंटा, वर्षभर काम. डाग राहिला तर मात्र मालक मलाही दारात उभा करणार नाही."

शेजारचे विठोबाकाका गॅलरीत बाकड्यावर बसून बाहुल्या न्याहाळत होते. उमेदीत ते गिरगावातल्या एका थिएटरवर डोअरकीपर होते आणि या बक्षिसांचा सोहळा पहिल्यांदा तिथेच झाला होता.

"तेव्हा एसी कुठला गं! नट्या पदराने वारा घ्यायच्या. बक्षीस मिळालं की बाहेर येऊन माझ्याच हातात द्यायच्या, भाऊ, जरा धरा. दोन्ही काखेत बाया घेऊन मी आपला उभा!"

"काकी काय म्हणाल्या?"

"तिला सांगितलं तर ना!"

शांती हसली. उंबऱ्यात बसलेला तिचा नवरा उत्तम हसला नाही. सकाळी गिरणीच्या गेटवर जाऊन तो नुसताच परतला होता. संपाचं दुसरं वर्ष चालू होतं. येताच त्याने माळ्यावरची ट्रंक खाली काढून ठेवली.

"शिमग्याक दादा येतलो. त्याच्यावांगडा तू नि बाळ गावाक जावा."

"आता काम मिळालंय ना मला."

"पितळ घासून घर चलता?"

शांतीने बाहुली फिरवून पाठ घासायला घेतली. चाळीतल्या कितीतरी बायका अशाच थोड्या दिवसांसाठी म्हणून गावी गेल्या होत्या. त्यांच्या दारांना अजून कुलपं होती. आणि बाळ आत्ता कुठे बापाचा आवाज ऐकून मान वळवायला लागलं होतं.

रामदास पोतं न्यायला आला तेव्हा बाळ रडून लाल झालं होतं. शांती त्याला घेऊन आत गेली. शेवटची बाहुली तेवढी बाहेर राहिली होती. उत्तम उठला, त्याने ती कागदात गुंडाळली आणि पोत्याचं तोंड बांधून दिलं. या कामाला त्याने लावलेला तो पहिला हात.

बाळाचं तोंड पुसताना शांतीला आपलं बोट लाल दिसलं. ती थबकली. घरात देव घासले की त्यांचं कपाळ कोरडं ठेवायचं नाही, हे तिच्या हाताला पाठ होतं. शेवटची बाहुली लखलखली तशी, एक कान बाळाच्या रडण्याकडे ठेवून, तिने कोनाड्यातली कुंकवाची डबी घेतली होती. आधी मेण, मेणावर कुंकू. रोज स्वतःला लावायची तसंच. मेणावरचं कुंकू सहजी जाणारं नव्हतं.

ती गॅलरीत धावली. हातगाडी नाक्यावरून वळली होती.

आत येऊन तिने उत्तमच्या नकळत बोट पदराला पुसलं.

सोहळा टीव्हीवर दाखवला त्या दिवशी सगळा मजला विठोबाकाकांच्या खोलीत दाटीवाटीने बसला होता. टीव्ही ब्लॅक अँड व्हाईट. एक वयस्क नटी मंचावर आली. तिच्या हातात बाहुली दिली गेली. कॅमेरा जवळ गेला, आणि बाहुलीच्या कपाळावर काळा ठिपका दिसला. शांतीने बाळाला छातीशी आवळलं.

नटीशेजारच्या सुटाबुटातल्या माणसालाही तो दिसला असावा. त्याने खिशातून रुमाल काढून हात पुढे केला. नटीने बाहुलीकडे पाहिलं आणि ती त्याच्या हातापासून दूर, आपल्या दुसऱ्या कडेवर घेतली. मग माईकसमोर बोलू लागली.

"बघा, कशी पोरासारखी धरलीय!" काका म्हणाले.

उत्तम शांतीच्या कानाशी वाकला.

"माझ्या नजरेक पडला होता ता. बांधताना."

"मग पुसलं का नाही? काम गेलं असतं माझं."

उत्तमने पडद्यावरची नजर काढली नाही. "बाईच्या कपाळावरचा," तो म्हणाला, "मी कसो पुसू?"

दुसऱ्या दिवशी रामदास आला, तो दारातूनच तोंड सोडत.

"वहिनी, मालक मला नको नको ते बोलला!"

शांती उभी राहिली. रामदासने खांद्यावरचं पोतं धाडकन उंबऱ्याशी टाकलं. आत समया वाजल्या.

"चुण्यांत डाग एकही नाही, हेही म्हणाला. यांना मात्र ज्याच्या घरी जातील तो लावील कुंकू. तुम्ही नका लावू म्हणजे झालं."

तो गेला. पोतं ठेवायला खोलीत जागा नव्हती. उत्तमने इकडेतिकडे पाहिलं. मग ट्रंक उचलली, स्टुलावर चढून माळ्यावर पार आत ढकलली, आणि खाली उतरून तिच्या जागी मांडी घालून बसला. पोत्याची गाठ सोडत त्याने विचारलं,

"चिंच खंय?"